खाडा, खाणावळ आणि ‘मेस लावणे’

प्रश्न
सोलापुरात शिकायला आलेय. मेसच्या भिंतीवर पाटी आहे : ‘सलग दोन दिवसांपेक्षा कमी खाडे धरले जाणार नाहीत. खाडा आदल्या रात्री 8 पर्यंत सांगावा.’ खाडा म्हणजे गैरहजेरी, एवढं कळलं. मग दांडी आणि खाडा यांत फरक काय? आणि बाहेरच्या फलकावर ‘खानावळ’ लिहिलंय, शाळेत आम्ही ‘खाणावळ’ शिकलो. बरोबर कुठलं?

नवीपेठकर
दांडी माणूस मारतो, खाडा वहीत मांडला जातो. दांडीत थोडा चावटपणा असतो, खाड्यात नसतो. तापाने फणफणून पडलात तरी खाडा तो खाडाच.

पण शब्दाची खरी खूण वेगळी आहे. खाडा ‘लावलेल्या’ गोष्टीचाच होतो. आपण दूध लावतो, पेपर लावतो, कामाला बाई लावतो, डबा लावतो, मेस लावतो. म्हणजे रोजचं ठरलेलं आणि पैसे महिन्याने. हॉटेलात तुम्ही चार दिवस फिरकला नाहीत तर कुणी खाडा म्हणणार नाही, कारण तिथे तुमचं काही बांधलेलंच नाही. दुधाचा मात्र लगेच होतो आणि कॅलेंडरच्या चौकोनात फुली पडते.

आता गंमत बघा. सोलापुरात 1870च्या दशकात कापडगिरणी आली, पुढे आणखी आल्या, मग यंत्रमाग वाढले. गावाकडून एकटे आलेले कामगार खाणावळीत जेवायचे. अशा गड्याला ताप आला की एकाच दिवशी दोन खाडे. कामावरचा खाडा त्याच्या पगारातून कापला जाणार आणि खाणावळीतला खाडा धरा, म्हणजे हिशेबातून वजा करा, असं तो मालकिणीला म्हणणार. शब्द एकच, पण पहिल्यात त्याचं नुकसान आणि दुसऱ्यात तिचं. म्हणून कामावरचा खाडा मालक तत्परतेने धरतो आणि मेसमधला धरून घ्यायला आपल्याला पाटी वाचावी लागते!

पाटीमागचा हिशेबही सांगतो, कारण पोरांना ती लबाडी वाटते. तुम्ही आला नाहीत म्हणून जागेचं भाडं कमी होत नाही, भांडी घासणारीचा पगार कमी होत नाही, भाकऱ्या करणाऱ्या बाईचाही नाही. वाचतं काय, तर चार भाकऱ्यांचं पीठ, वाटीभर भाजी, चमचाभर शेंगाचटणी. तेही आदल्या रात्री कळलं तरच. आमच्या गल्लीतल्या मावशी तव्यावरची भाकरी उलटता उलटताच सुनवायच्या, ‘भाकऱ्या थापून झाल्यावर कसला खाडा ओ?’ शनिवारी निम्मी पोरं बार्शी, मोहोळ, अक्कलकोटला घरी पळतात. प्रत्येकाचा एकेका वेळचा खाडा धरायचा म्हटलं तर किती जणांचा स्वयंपाक करायचा हेच ठरणार नाही. म्हणून ‘सलग’. आणि बहुतेक ठिकाणी पैसे परत देत नाहीत, तेवढे दिवस पुढे ढकलतात. मला हे रास्त वाटतं. ‘खाडे मिळणार नाहीत’ एवढंच लिहिणाऱ्या मेसपासून मात्र लांब राहा.

बार्शीकर
शुद्धलेखनाचं मी सांगतो. शिवणावळ म्हणजे शिवण्याची मजुरी, घडणावळ म्हणजे दागिना घडवण्याची, दळणावळ म्हणजे दळण्याची. त्याच ओळीत खाणावळ. म्हणजे आधी जेवणाचे पैसे, मग ते घेऊन जेवू घालतात ती जागा. म्हणून ‘ण’. ‘खानावळ’ हे खाना, मेहमानखाना वगैरेंच्या संगतीने झालं असावं. फलकावर ते इतकं रुळलंय की मी भांडत बसत नाही. परीक्षेच्या पेपरात मात्र ‘ण’ लिहा.

मूळची लातूरची
‘लावणे’ आणि खाडा यांची जोडी पटली. पण पूर्वी गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवायचे, त्याचं काय? सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. तिथेही लावणंच आहे.

नवीपेठकर
चांगलं आठवलंत. लावणं आहे, पण पैसा नाही, म्हणून खाडाही नाही. मुलगा आला नाही तर घरच्यांचं काही अडत नसे, तो मात्र उपाशी राहायचा. पानात पडेल ते खायचं, अमुक वाढा म्हणायचं नाही आणि त्या घरचं पाणी भरणं, पूजेची फुलं आणणं असली कामं न सांगता करायची. शिवाय ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांनाच होती. इतरांना त्या स्वयंपाकघराची पायरीही बंद होती, हे सांगितल्याशिवाय वाराचं कौतुक करू नये.

खाणावळीत पैसे मोजले की वाढा म्हणता येतं. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा घरातल्या चुलीवरचं काम हा धंदा आहे हे मान्य करून घेणं हाच त्यातला मोठा भाग होता.

बार्शीकर
रोजचं ठरलेलं आणि पैसे महिन्याने, या कसोटीवर अक्कलकोटचं अन्नछत्र आणि 2020 साली 10 रुपयांत सुरू झालेली सरकारी शिवभोजन थाळी तपासून बघा. पहिल्यात पैसेच नाहीत, दुसरीत पैसे आहेत पण रोजच्या रोज. दोन्हीकडे खाडा संभवत नाही. थाळीत दोन चपात्या आणि एक मूद भात असं मापही ठरलेलं आहे, मेससारखं ‘अजून घे गं’ नाही.

प्रश्न विचारणारी
कळलं. आता शेवटचं : एकादशीला मी जेवत नाही. तो खाडा धरतील?

नवीपेठकर
एकट्या एकादशीचा नाही धरणार, सलग दोन दिवस होत नाहीत ना. काही मावशी त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी देतात, तेच तुमचं त्या दिवसाचं जेवण. रमजानमध्ये रोजे धरणारी मुलं महिनाभर संध्याकाळचाच डबा लावतात, तो प्रकार खाड्याचा नव्हे, दर आधीच एका वेळच्या जेवणाचा ठरतो. तुम्ही पैसे भरायच्या आधी एकादशीचं विचारून घ्या, नंतर विचारलंत तर मावशी वहीकडे बोट दाखवतील.