व्हॅल्युएशनचं काम बंद करतोय, जुन्या रिपोर्टांचं काय करायचं?

मातीविटा
नमस्कार मंडळी. मी सिव्हिल इंजिनिअर, नाशिकमध्ये जमीन-इमारतीचं व्हॅल्युएशन करतो, म्हणजे बँकांच्या कर्जासाठी किंमत ठरवून देतो. आधी ३४एबीवर (संपत्ती कर कायद्याखालची व्हॅल्युअरची नोंदणी) काम चालायचं, कंपनी कायद्याखाली व्हॅल्युअरसाठी २०१७चे नियम आल्यावर परीक्षा देऊन आयबीबीआयची (दिवाळखोरी मंडळाची) नोंदणीही घेतली. आता पुरे. गुडघे जिने चढू देत नाहीत, आणि संध्याकाळी "साहेब, उद्या सकाळी रिपोर्ट द्या, डिस्बर्समेंट (कर्जाचं वाटप) अडकलंय" असा फोन आला की घास गोड लागत नाही. फी हजारांत, जोखीम कोटीत.

सर्टिफिकेट परत करणार, बँकांना पॅनेलवरून (त्यांच्या ठरलेल्या व्हॅल्युअरच्या यादीतून) नाव काढायची पत्रं देणार. तेवढ्यात एका बँकेचंच पत्र आलं. सिन्नरच्या एका गोदामाचा माझा २०१६चा रिपोर्ट. कर्ज बुडालं, सरफेसी कायद्याखाली (गहाण मालमत्ता बँकेने विकायचा कायदा) लिलाव झाला, बोली माझ्या आकड्याच्या बरीच खाली थांबली. "तफावतीचा खुलासा करावा." खुलासा करीन, फाइल शाबूत आहे. पण दुकान बंद केल्यावर असली पत्रं किती वर्षं येत राहणार? नियमात रेकॉर्ड किमान तीन वर्षं ठेवा म्हटलंय. बायको म्हणते, माळा मोकळा करा. फायली रद्दीत घालू का?

निवृत्त_क्रेडिटवाला
वहिनींना सांगा, माळा एवढ्यात मोकळा होत नाही. तो तीन वर्षांचा नियम २०१७चा, तुमचा रिपोर्ट त्याच्याही आधीचा. आणि बँकेत कर्ज पाचव्या-सातव्या वर्षी एनपीए (थकीत) होतं, मग स्टाफ अकाउंटेबिलिटी (कोणत्या कर्मचाऱ्याची चूक ते बघणं), वास आला तर फ्रॉडची तपासणी. तुमचा रिपोर्ट कपाटातून बाहेर निघतो तोवर तीन वर्षं कधीच उलटलेली असतात.

अशा चौकशांना मी बसलोय. नुसत्या आकड्यावर सहसा कोणी अडून बसत नाही. लिलाव म्हणजे घाईची विक्री. ताब्याची कटकट, थकलेला घरफाळा, आत बसलेला भाडेकरू, सगळं बोलीतून वजा होतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. व्हॅल्युअर जागेवर गेला होता का? त्याला दाखवलेली जागा आणि गहाणखतातली जागा एकच का? चतुःसीमा जुळतात का? गट नंबर एकाचा आणि फोटो शेजारच्या गोदामाचे, असा रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय.

म्हणून बाजारातल्या मंदीवर निबंध लिहू नका. भेटीची तारीख, सोबत कर्जदाराचं कोण होतं, फोटो, मोजमापाची वही, तुलनेला घेतलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचे उतारे), एवढं जोडा. डिस्ट्रेस व्हॅल्यू (घाईच्या विक्रीत येईल ती किंमत) दिली असेल तर बोलीशी ती ताडून दाखवा. पत्र लिहिणारा बहुतेकदा पहिल्या पानावरचा मोठा आकडाच उचलतो. लिलावाआधी बँकेने नियमाप्रमाणे पुन्हा व्हॅल्युएशन करून घेतलं असणार, त्याची प्रत लेखी मागा.

उत्तर न देण्याचा आळस मात्र करू नका. फ्रॉडमध्ये व्हॅल्युअरचा हात दिसला तर नाव आयबीएकडे (बँकांच्या संघटनेकडे) जातं आणि कॉशन लिस्टमधून (सावध राहायच्या नावांच्या यादीतून) सगळ्या बँकांत फिरतं. त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्या असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय, पण पुष्कळदा ती संधी म्हणजे असलंच एक साधं पत्र असतं.

कोर्टाची_पायरी
वर सगळं बरोबर. कायद्याचं थोडक्यात. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं, पण फसवणुकीचा आरोप असेल तर मुदत कायद्याच्या कलम १७प्रमाणे घड्याळ फसवणूक कळल्यापासून सुरू होतं. फौजदारीत ४२० (आता बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८(४)) असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, त्यामुळे दखल घ्यायला मुदतच नाही. सर्टिफिकेट परत केल्याने पुढचं काम थांबतं, मागची सही पुसली जात नाही.

धीराची बाजूही आहे. सीबीआय विरुद्ध के. नारायण राव, २०१२. खटला बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा होता. सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की मत चुकलं किंवा हलगर्जी झाली एवढ्यावर कटाचा आरोप टिकत नाही, इतरांशी संगनमत दाखवावं लागतं. हाच तर्क व्हॅल्युअरच्या बाजूनेही मांडता येतो. पण तुम्ही स्वतंत्रपणे काम केलंत हे फायलीशिवाय कशातून दिसणार? स्कॅन जरूर करा, सही-शिक्क्याची ऑफिस कॉपी फेकू नका.

सहीशिक्का
मातीविटा सर, इन्डेम्निटी पॉलिसी (कामातल्या चुकीवरून येणाऱ्या दाव्यांचा विमा) असेल तर काम थांबलं म्हणून लगेच बंद करू नका. ती बहुधा क्लेम्स-मेड असते, म्हणजे काम कधी केलं यापेक्षा क्लेम कधी आला ते महत्त्वाचं. पॉलिसी संपल्यावर आलेली नोटीस तुमच्याच खिशातून. रन-ऑफ कव्हर (काम बंद झाल्यावर येणाऱ्या दाव्यांचं संरक्षण) मिळतं का विचारा, आणि हे बँकेचं पत्र चालू पॉलिसीतच विमा कंपनीला कळवून ठेवा.

दुसरं, रबरी शिक्के कापून टाका, डीएससी (डिजिटल सही) रद्द करा, सहीचं स्कॅन ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काढा. आणि आता "सर, धावपळ मी करतो, तुम्ही फक्त सही द्या, महिन्याला ठरवून देतो" म्हणणारी पोरं दारात येतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

मातीविटा
आलं होतं एक पोरगं, गेल्याच आठवड्यात. चहासुद्धा नाही पाजला.

पॉलिसीचं डोक्यातच नव्हतं, एजंटला सकाळी गाठतो. कोर्टाची_पायरी, एक राहिलं. फर्म मेहुण्याबरोबर भागीदारीत आहे, तो पुढे चालवणार. रिटायरमेंट डीड केलं की सुटलो ना?

कोर्टाची_पायरी
नाही. जाहीर नोटीस निघेपर्यंत तिऱ्हाइताच्या दृष्टीने तुम्ही भागीदारच, म्हणजे मेहुण्याच्या उद्याच्या रिपोर्टचीही जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. भागीदारी कायदा कलम ३२ आणि ७२ बघा. फर्म नोंदणीकृत असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सला कळवायचं, राजपत्रात आणि एका मराठी पेपरात नोटीस द्यायची. बँकांना वेगळी पत्रं, पोच घेऊन. लेटरहेडवरून तुमचं नावही त्याच दिवशी उतरवायला सांगा.

मातीविटा
लेटरहेडची पाच रिमं त्याने मागच्याच महिन्यात छापून घेतलीत. बघतो, कसं सांगायचं ते.