जुने थर्मल संच बंद होतायत, टर्बाइनवाल्याने आता कुठे जावं?

प्रश्न : कंपनमापक

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल इंजिनिअर. कोळशावरच्या वीजकेंद्रात टर्बाइन मेंटेनन्सला बरीच वर्षं काढली. ओव्हरहॉल, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बेअरिंग, सील ऑइल हे रोजचं काम. आमचे जुने संच आता बंद करायच्या यादीत आलेत. जो तो सांगतो, डेटा सायन्सचा कोर्स कर, नाहीतर सोलरमध्ये घुस. पण सोलरमध्ये फिरणारं काही नसतंच, तिथे माझा काय उपयोग? बॅटरी, हायड्रोजन, ग्रिड यांत खरी कामं कुठे आहेत? प्रत्यक्ष त्यात असलेल्यांनी लिहा, प्लीज.

उत्तर : रिलेवाला

सोलरमध्ये फिरणारं काही नसतं, हीच ग्रिडची आजची मोठी डोकेदुखी आहे आणि तुमचं काम तिथूनच निघणार आहे. मी प्रोटेक्शन (बिघाड झालेला भाग वेगळा करणारी यंत्रणा) आणि कमिशनिंगचा (नवी यंत्रणा तपासून चालू करण्याचा) माणूस. आधी सबस्टेशनं केली, हल्ली बॅटरी स्टोरेज आणि सिंक्रोनस कंडेन्सर (ग्रिड सावरणारं फिरतं मशीन, पुढे सांगतो) करतो.

एखादा मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारा नियंत्रक) हलायच्या आधीच बाकीचे सगळे रोटर किंचित मंदावतात आणि त्यांच्यात साठलेली ऊर्जा ग्रिडला देतात. फ्रिक्वेन्सी धाडकन कोसळत नाही ती यामुळे. नेहमीचा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसीचं एसी करणारं उपकरण) हे आपसूक करत नाही. दुसरं म्हणजे फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्ट सर्किटसारख्या बिघाडात वाहणारा करंट. सिंक्रोनस जनरेटर फॉल्टच्या वेळी आपल्या रेटिंगच्या कितीतरी पट करंट देतो. इन्व्हर्टर रेटिंगच्या थोडासा वर गेला की हात आखडतो, नाहीतर त्याचे सेमीकंडक्टर जळतील. मग लाइनवर फॉल्ट असूनही रिलेला (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाला) तो नीट दिसत नाही. माझी झोप उडते ती या दुसऱ्या गोष्टीने.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात ट्रान्समिशनचे टॉवर पडले, लागोपाठ व्होल्टेज डिप, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक घसरणी, आल्या. काही पवनचक्क्यांच्या कंट्रोलमध्ये असे किती डिप सोसायचे याची मर्यादा घातलेली होती. ती ओलांडल्याबरोबर त्यांनी उत्पादन खाली आणलं आणि सगळं राज्य अंधारात गेलं. पुढच्याच वर्षी तिथे हॉर्न्सडेलची १०० मेगावॉटची बॅटरी आली, ती सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर २०२१ मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउन इथे फ्लायव्हील (ऊर्जा साठवणारं जड चाक) लावलेले चार सिंक्रोनस कंडेन्सर बसले, त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. खरं तर त्यांच्यामुळेच गॅसचे संच केवळ ग्रिड सावरायला चालू ठेवण्याची गरज कमी झाली.

सिंक्रोनस कंडेन्सर म्हणजे टर्बाइन नसलेला, ग्रिडवर मोकळा फिरणारा जनरेटर. तो नवाच घ्यावा लागतो असंही नाही. जर्मनीत बिब्लिस ए ही अणुभट्टी २०११ मध्ये बंद झाली, आणि तिचाच जनरेटर २०१२ पासून असा चालवला. आता या कामात काय काय येतं ते बघा. टर्बाइन सोडवली की रोटरला अक्षाच्या दिशेने धरणारं काही उरत नाही, कारण थ्रस्ट बेअरिंग टर्बाइनकडे असतं. म्हणजे नवीन थ्रस्ट बेअरिंग बसवा. शाफ्टचं एक टोक मोकळं झालं, क्रिटिकल स्पीड (ज्या वेगांना कंपनं एकदम वाढतात ते) बदलले, पुन्हा बॅलन्सिंग करा. ल्युब ऑइल आणि सील ऑइलच्या सिस्टिम नव्याने आखा. वाफ नाही, तर मशीन वेगावर आणायला स्टार्टिंग मोटर किंवा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर लावा. यातलं जवळपास सगळं तुमच्या हाताखालून गेलंय. डेटा सायन्सवाल्याला हे कोण शिकवणार?

२८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, तिथे गोष्ट उलटी होती. व्होल्टेज वाढत गेलं आणि एकामागून एक केंद्रं ट्रिप झाली. व्होल्टेज चढवणारी जास्तीची रिॲक्टिव्ह पॉवर शोषायचं काम हाच सिंक्रोनस कंडेन्सर करतो. एक्साइटेशन, म्हणजे रोटरला दिलेला डीसी करंट, कमी करायचं, की झालं.

बॅटरीतही मेकॅनिकलवाले लागतात. कंटेनरमधलं कूलिंग, वायुवीजन, आग हा सगळा तुमचाच प्रांत. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला आग लागली, ती बॅटरी एका जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये, एकाच छताखाली मांडलेली होती. आता स्वतंत्र कंटेनर, मध्ये मोकळं अंतर असा कल आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची गंमतही ऐका. त्याचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, ३.३ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून सेल ४० टक्के भरलाय की ७०, हे सांगता येत नाही. सिस्टिम करंट मोजत हिशोब ठेवते, तो हळूहळू चुकत जातो, आणि मधून मधून पूर्ण चार्ज करून तो जुळवावा लागतो. चार्जिंग चालू असताना रॅकमधल्या सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक शेवटच्या काही मिनिटांत कसा फाकतो, ते मी स्क्रीनसमोर उभा राहून बघतो. खराब सेल तिथेच सापडतो.

कंपनमापक

रिलेवाला साहेब, मनापासून आभार. जनरेटरकडे मी या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. हायड्रोजनबद्दल तुमचं काय मत?

रिलेवाला

हायड्रोजन तुम्ही आधीच हाताळताय! मोठे टर्बो-जनरेटर त्यानेच थंड करतात ना? हवा काढायला आधी कार्बन डायऑक्साइड, मग हायड्रोजन, ही पर्जिंगची शिस्त तुमच्या अंगात भिनलेली आहे. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात तो पेट घेतो, हे नव्या मुलांना पाठ करावं लागतं. कॉम्प्रेसर आणि सील जाणणारी माणसं इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या) प्रकल्पांना हवीच असतात. पण एक किलो हायड्रोजनला ५० युनिटच्या वर वीज जाते. त्यामुळे स्वस्त वीज जवळ असलेले, आणि खत किंवा रिफायनरीसारखं पक्कं गिऱ्हाईक असलेले प्रकल्प तेवढे धरा. नुसत्या घोषणेवर नोकरी बदलू नका.

खोलविहीर

मी तेलविहिरींच्या ड्रिलिंगमधून भूऔष्णिककडे, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज करण्याकडे, वळले. अमेरिकेत युटा आणि नेवाडात आडव्या विहिरी खणून गरम कोरड्या खडकातून उष्णता काढतायत, तंत्र सगळं शेल खडकातून तेल-वायू काढणाऱ्यांचं. जमिनीवर मात्र टर्बाइनच असते, बहुतेक ठिकाणी ऑरगॅनिक रँकिन सायकलची, म्हणजे वाफेऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव. कंपनमापक, याही बाजूला नजर असू द्या.

रिलेवाला

ताईंशी सहमत. कंपनमापक, एक काम लगेच करा. संच कायमचा थांबण्याआधी शेवटच्या कोस्ट-डाउनची (वाफ बंद केल्यावर रोटर हळूहळू थांबत जातानाची) कंपनं प्रत्येक बेअरिंगवर नोंदवून घ्या, फेज अँगलसकट, आणि रोटरची ड्रॉइंग शोधून ठेवायला सांगा. पुढे कोणी त्या जनरेटरचा कंडेन्सर करायचं ठरवलं तर पहिल्यांदा हेच मागतील, आणि मशीन थंड झाल्यावर ते मिळवायला दुसरा मार्ग नसतो. इलेक्ट्रिकलकडून सिंक्रोनस मशीनचा कॅपॅबिलिटी कर्व्ह (मशीन किती पॉवर देऊ-घेऊ शकतं त्याच्या मर्यादांचा आलेख) आणि एक्साइटेशन एवढं नीट शिका. अडलं तर इथेच विचारा, मी रोज बघतो.