मोटोक्रॉसचा मागचा टायर: टिकाऊ घ्यावा की पकडीचा?

मुरूमकर (धागाकर्ता)

उन्हाळा लागला की आमच्या ग्रुपवर ठरलेलं रडगाणं सुरू होतं. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची, उड्यांची बाईक शर्यत. तिच्यासाठी नवा बटण टायर (अंगावर रबराची उंच बटणं असलेला) टाकला आणि बघता बघता बटणांच्या कडा गेल्या. मग कंपनीला शिव्या, दुकानदाराला शिव्या. माझ्या मते दोष बहुतेक वेळा निवडीचा असतो. आपण परदेशातल्या शर्यतींचे व्हिडिओ बघतो आणि तिकडचा रायडर ज्या टायरवर उडतो तोच मागवतो. तिकडे ट्रॅक खोल नांगरून, पाणी मारून तयार केलेला असतो. आपल्याकडे पुणे, नाशिक, सातारा पट्ट्यातल्या सरावाच्या जागा म्हणजे मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. जेसीबीने रचलेले जंप, आणि मार्चनंतर पाण्याचा टँकर मिळाला तर मिळाला. अशा जमिनीवर उंच, विरळ बटणांचा टायर लावणं म्हणजे पैसे घासून टाकणं.

म्हणून ज्यांना दर रविवारी फक्त सराव करायचाय, पोडियमशी घेणंदेणं नाही, त्यांनी मागे मध्यम-ते-कठीण जमिनीचाच टायर घ्यावा. डनलॉपचा एमएक्स५३, पिरेली एमएक्स३२ मिड हार्ड, ब्रिजस्टोनचा एक्स४०, त्या जातीचं काहीही. बटणं ठेंगणी, जवळजवळ, पाया रुंद. पकड दहा टक्के कमी वाटली तरी चालेल, टायर हंगाम काढतो.

माप सांगून ठेवतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. २५० सीसी मोटोक्रॉसला मागे १००/९०-१९, ४५० ला ११०/९०-१९, पुढे दोन्हींना ८०/१००-२१ (शेवटचा आकडा रिमचे इंच). हिरोच्या एक्सपल्स या ट्रेल बाईकचं मागचं रिम १८ इंची आहे, त्यामुळे वरचे १९ इंची टायर त्याला बसणार नाहीत.

मतं येऊ द्या. विरोधी असली तरी चालतील.

---

होलशॉट_हवाच

विरोधीच आहे.

मोटोक्रॉसचा टायर हा ब्रेक पॅड आणि चेन-स्प्रॉकेटच्या खात्यातला खर्च आहे. तो झिजण्यासाठीच बनवतात. पकड देते ती बटणाची धारदार कड. ती गोल झाली की उरलेली १०-१२ मिमी उंची नुसती शोभेची. "हंगाम काढतो" म्हणता तेव्हा त्यातला अर्धा हंगाम तुम्ही गोल झालेल्या कडांवर काढता, आणि सपाट वळणावर मागचं चाक हळूच बाहेर निघतं तेव्हा "आज लय नव्हती" म्हणून घरी येता.

कॉलरबोनची प्लेट कोणत्याही टायरपेक्षा महाग पडते, एवढंच सांगतो. मी रेससाठी नवा टायर ठेवतो, आणि त्याच्या कडा मेल्या की तोच सरावाला. टिकाऊपणा हा निकषच चुकीचा आहे.

---

सह्याद्री_एंड्युरो

दोघेही टायरला विचारताय, जमिनीला विचारा.

मऊ जमिनीच्या टायरची बटणं उंच आणि लांब लांब असतात, मातीत घुसायला. कठीण मुरमावर ती घुसू शकत नाहीत, मग वाकतात. थ्रॉटल दिला की प्रत्येक बटण मागे झुकतं, सोडला की सरळ होतं. हे दिवसभर चाललं की मुळाशी चीर पडते आणि तुकडाच उडतो. त्याला झीज म्हणत नाहीत, ती मोडतोड आहे. याउलट कठीण जमिनीचा टायर पावसाळ्यात काळ्या मातीत घाला. ठेंगण्या, जवळच्या बटणांमध्ये माती अशी बसते की पाच मिनिटांत चाकाचा गुळगुळीत रोलर होतो. तिथे विरळ बटणंच हवीत, फिरता फिरता माती झटकून टाकणारी. कोकणात जांभ्यावर आणखी वेगळं. पाऊस पडून गेला की वर लाल शेवाळलेला थर आणि खाली खरखरीत दगड.

आणखी एक. "कठीण जमिनीचा टायर म्हणजे कडक रबर, म्हणून टिकतो" असं समजून लोक घेतात. बऱ्याचदा उलटं असतं. कठीण जमिनीत बटण घुसत नाही, त्यामुळे पकड रबरानेच द्यायची असते, म्हणून त्या टायरचं रबर तुलनेने मऊ ठेवतात. मऊ जमिनीच्या टायरला मातीत घुसायचंय, त्याचं रबर ताठ चालतं. कठीणवाला मुरमावर जास्त टिकतो तो ठेंगण्या, रुंद पायाच्या बटणांमुळे, ती कमी वाकतात. नुसतं नखाने दाबून "कडक आहे, टिकेल" असं ठरवू नका.

---

मुरूमकर

सह्याद्री, रबराचा मुद्दा मान्य. पण मग तुम्ही माझ्याच बाजूचे झालात. एप्रिलमध्ये सासवडच्या माळावर काय लावाल?

होलशॉट, तुमचा हिशोब प्रायोजक असलेल्यांचा आहे. पगारातून गाडी चालवणाऱ्याने टायर दोन सेट बाळगायचे कुठून?

---

वर्कशॉपवाले_काका

पोरांनो, तुम्ही नावं आणि नंबर घेऊन भांडताय. माझ्याकडे बेंचवर जे टायर उतरतात त्यातले निम्मे झिजून आलेले नसतात, हवेने मेलेले असतात.

उतरवलेला टायर उलटा करून आतून बघा. हवा कमी ठेवून दगडावर उतरणाऱ्याच्या टायरला आतल्या बाजूने, रिमच्या रेषेत, चकचकीत घासल्याचा पट्टा दिसतो. बोट फिरवलं की कापडाचे धागे हाताला लागतात. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. हा टायर वरून नवा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं "काका, बटणं तर आहेत". बटणं आहेत रे, पण अंगच गेलंय त्याचं.

जास्त हवेवाल्याचं उलट. मधल्या ओळीतली बटणं अर्ध्यावर, कडेची कोरी. बटाटा घ्यायला निघाल्यासारखी रोडची हवा, २५-२८ पीएसआय, भरून ट्रॅकवर येतात. टायर जमिनीला टेकतो तो रुपयाएवढा. पकड नाही म्हणून चाक फिरतं, फिरतं म्हणून झिजतं.

साधारण १२ ते १४ पीएसआय. चिखलात एखादा पॉइंट खाली, दगडात १५ पर्यंत. गेज कमी दाबाचा घ्या. पंक्चरवाल्याच्या मोठ्या गेजवर १२ आणि १६ मधला फरक कळत नाही. हवा गाडी थंड असताना बघायची. जाड ट्यूब घाला, आणि रिम लॉक (टायर रिमला दाबून धरणारा क्लॅम्प) आवळलाय का ते बघा. एवढ्या हवेवर रिम लॉक ढिला असला तर टायर रिमवर फिरतो आणि वॉल्व्हचं मूळच उपटून निघतं.

---

होलशॉट_हवाच

काकांशी भांडण नाही. हवा सगळ्यांनीच सांभाळावी. पण नीट हवेतलीसुद्धा मेलेली कड ही मेलेलीच.

आणि मुरूमकर, प्रायोजक वगैरे काही नाही हो. दर महिन्याला पेट्रोल आणि इंजिन ऑइलवर जातं त्यापुढे टायर काय! पैसे वाचवायचे तर टायर उलटा करून लावा. मागचा टायर ओढताना झिजतो, त्यामुळे बटणाची एकच कड गोल होते. समोरासमोरची दुसरी कड कोरी असते. चाक काढा, टायर फिरवून बसवा, धार परत मिळते.

---

पंधराशे_आरपीएम

उलटा लावायचं ऐकून राहवलं नाही. टायरच्या बाजूला बाण छापलेला असतो तो कशासाठी? कंपनी काय वेडी आहे?

---

वर्कशॉपवाले_काका

बाण असलेला टायर मी स्वतः उलटा लावत नाही. टायर ज्या दिशेने ओढ खायला बनवलाय ती दिशा बाण दाखवतो. ज्याला बाण नाही, किंवा दोन्ही दिशांना चालेल असं लिहिलंय, तो खुशाल फिरवा. बाणवाले फिरवणारे रायडर ट्रॅकवर ढिगाने आहेत हे मला ठाऊक आहे. ते चालतही असतील. माझ्या बेंचवर नाही.

---

बे_एरियातला_बंड्या

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे हॉलिस्टर हिल्सला आणि कधी दक्षिणेला ग्लेन हेलनला जाणं होतं. मुरूमकरांचा "तिकडे मऊ असतं" हा समज अर्धाच खरा आहे. सकाळी ट्रॅक नांगरलेला, ओला, केकसारखा असतो. दुपारी दोनपर्यंत त्याच मार्गावर काळपट, चकचकीत, कडक पट्टी तयार होते आणि मऊ माती बाजूला ढकलली जाते. म्हणून इथले रविवारचे लोक सकाळ सांभाळणारा मऊ-मध्यम टायर लावून दुपारी पकड गेल्याचं सोसतात, नाहीतर मध्यम टायर लावून दिवसभर बरं चालवतात. शुद्ध कठीण जमिनीचा टायर मला फार कमी गाड्यांवर दिसतो.

तेव्हा "आपली जमीन वेगळी" म्हणून थेट टोकाला जाऊ नका. मध्यम घ्या.

---

मुरूमकर

बंड्याभाऊ, सकाळी ओला ट्रॅक मिळतो तेच तर भाग्य. आमच्याकडे तुमची दुपार सकाळी सातलाच सुरू होते.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०२४ च्या जानेवारीत सुपरक्रॉस लीग झाली, तसा स्टेडियममध्ये माती टाकून बांधलेला ट्रॅक असेल तर तुमचं म्हणणं लागू पडतं. पण ते रेसचे दिवस. बाकीचं वर्ष माळावरच.

---

खिसा_रिकामा

सगळे परदेशी नावं फेकताय, मिळतंय कुठे ते सांगा. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात "मुक्त" मधून "प्रतिबंधित" यादीत टाकली. तेव्हापासून आयात करायची तर परवाना हवा, आणि मोटोक्रॉससारख्या मूठभर गिऱ्हाइकांच्या मालासाठी तो खटाटोप करणार कोण? मग कोणाच्या तरी गोदामातला जुना माल "शेवटचा पीस" म्हणून चढ्या भावाने गळ्यात पडतो.

म्हणून टिकाऊपणाची पहिली चाचणी दुकानातच करा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना माल असेल तर रबर कोरडं पडलेलं असू शकतं. बटणांच्या मुळाशी आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसतात का बघा, टायर थोडा वाकवून. भेगा दिसल्या तर फुकट दिला तरी नको.

मी एमआरएफचे देशी बटण टायर वापरतो. एका परदेशी टायरच्या किमतीत दोन सहज येतात, आणि माझ्या लेव्हलला फरक टायरचा नाही, माझाच आहे.

---

होलशॉट_हवाच

शेवटच्या वाक्याला सलाम. पण बघा, तुम्ही स्वस्त घेऊन वारंवार बदलताय. म्हणजे कडा ताज्या ठेवताय. माझंच म्हणणं झालं की!

---

खिसा_रिकामा

तसं धरा. पण मी ते गरिबीतून करतोय, तत्त्व म्हणून नाही :)

---

नवा_भिडू_नाशिक

मोठ्यांच्या भांडणात छोटा प्रश्न. माझ्याकडे एक्सपल्स आहे. घरून ट्रॅकवर गाडी चालवत जातो, ट्रेलर वगैरे नाही. १८ इंचात मोटोक्रॉसचा बटण टायर मिळाला तर लावू का? टिकेल का?

---

सह्याद्री_एंड्युरो

नको. त्यांच्यावर बहुतेक वेळा एनएचएस लिहिलेलं असतं, म्हणजे सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी डांबरावर उंच बटणं तापतात, थरथरतात, आणि ट्रॅकवर पोचेपर्यंत मधली ओळ गोल झालेली असते. ओल्या डांबरावर पुढचा ब्रेक मारून बघू नका.

तुम्हाला रस्त्याची परवानगी असलेला, पण खरोखर बटणांचा टायर हवा. एंड्युरोचे, म्हणजे डोंगर-जंगलातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचे, टायर बघा. एंड्युरो स्पर्धांच्या एफआयएम (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघ) नियमात मागच्या टायरची बटणं १३ मिमीपेक्षा उंच चालत नाहीत, त्यामुळे त्या नियमात बसणारे टायर ठेंगणे आणि भिंतीला जाड असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना रस्त्याचा शिक्का असतो. १८ इंचात तर एंड्युरोचीच मापं जास्त. घेताना माप मात्र गाडीच्या मापाशी ताडून बघा, १४०/८०-१८ उगाच कोंबाल तर मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला घासेल. आणि रस्त्यावर निघण्याआधी हवा परत वाढवायला विसरू नका. छोटा पंप सॅकमध्ये ठेवा.

मुरूमकर, तुमच्या सासवडच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. एप्रिलमध्ये मी तिथे मागे एंड्युरोचाच टायर लावतो. मोटोक्रॉसचा कठीणवालाही नाही.

---

होलशॉट_हवाच

आणि मग टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या जंपवरून) उतरलात की ती जाड भिंत चेंडूसारखी उसळते. वजन जास्त, लँडिंग कडक, खोल वळणात बटण पुरत नाही. ट्रेलसाठी उत्तम. पण त्याला मोटोक्रॉस म्हणू नका.

---

सह्याद्री_एंड्युरो

सासवडच्या माळावर खोल वळण दाखवा, जेवण माझ्याकडून.

---

वर्कशॉपवाले_काका

ते जेवण मलाच मिळायला हवं, कारण दोघांचे टायर मीच बसवतो. होलशॉट ४५० वर आहे. तेवढी ताकद मागच्या चाकाला दिली की कोणतंही रबर खाल्लं जाणार, त्यामुळे त्याला टिकाऊपणा दिसतच नाही. सह्याद्रीची गाडी त्याच्या निम्म्या ताकदीची. दोघांचे टायर शेजारी ठेवले की कळतं: होलशॉटची मधली बटणं सुरीने तिरकी कापल्यासारखी, सह्याद्रीची नुसती गोल.

नाशिकच्या भिडूला: पुढच्या टायरची काळजी आधी कर. मागचा सरकला तर सावरता येतं, पुढचा सरकला की थेट खाली. पुढच्याची कड ब्रेकने उलट्या बाजूला झिजते, ती बोटाने चाचपून बघायची सवय लाव. मागे देशी टाक, पुढे जरा बरा.

---

नवा_भिडू_नाशिक

धन्यवाद काका. पुढे ९०/९०-२१ आहे. ८०/१००-२१ बसेल का त्याच रिमवर?

---

वर्कशॉपवाले_काका

रिमवर बसेल, २१ चं २१ च आहे. पण तो मोटोक्रॉसचाच असणार, रस्त्याचा शिक्का बघूनच घे. शिवाय जुनी ट्यूब परत घालू नकोस. ताणलेली ट्यूब घडी पडून फाटते. गाडी घेऊन ये शनिवारी, रविवारी ट्रॅकवर असतो मी.