चिमणीत लायनर स्वतः सोडावा की माणूस बोलवावा?

लीड्सकर
आमचं घर शंभरी उलटलेलं, चिमणी विटांची. थंडीआधी लाकडावरचा स्टोव्ह बसवायचाय, म्हणजे चिमणीतून स्टीलचा लवचिक लायनर, म्हणजे धूर वर नेणारी नळी, सोडणं आलं. लायनर, वरचा क्लॅम्प, टोपी, खालची रजिस्टर प्लेट (चिमणीचं खालचं तोंड बंद करणारा पत्रा) असा अख्खा संच विकत मिळतो. छपरावरून एकाने सोडायचा, खालून दुसऱ्याने दोरीने ओढायचा. एवढ्यासाठी हेटासवाला (हेटास संस्थेकडे नोंदणी असलेला स्टोव्ह बसवणारा) जे मागतोय त्यात आम्ही चौघं मुंबईला जाऊन येऊ! इंग्लंडात स्वतः बसवायला कायद्याची आडकाठी नाही. कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवायचं, फी भरायची, ते तपासून दाखला देतात. घरात एक धडधाकट भाऊ असेल तर माणूस कशाला बोलवायचा?

कोकणातली_चूल
साफ असहमत. आजीच्या चुलीचा धूर डोळ्यांत जायचा, आपण उठून खिडकी उघडायचो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. सांधा कुठे सुटलाय हे झोपेत कळत नाही.
आमच्या घराच्या आधीच्या मालकाने हौसेने स्वतःच बसवला होता. चिमणी झाडणारा आला, ब्रश वर घातला आणि तो अडकलाच. लायनर उलटा! आतल्या पट्ट्यांच्या कडा चुकीच्या बाजूला, त्यामुळे डांबरासारखा चिकट रस सांध्यांतून बाहेर पाझरलेला. सगळं उपसून नवीन टाकलं. वाचवलेले पैसे त्याचे, भुर्दंड आमचा.

अर्धवट_इंजिनियर
अहो, पण लायनरवर बाण छापलेले असतात! धूर जातो त्या दिशेला, म्हणजे वर. ते न बघणाऱ्याला दाखला असून काय उपयोग? दाखलेवाल्यांचीही घाईची कामं पाहिली आहेत.
लीड्सकर, तुम्ही बोललाच नाहीत ते सांगतो. आधी चिमणी झाडून घ्या, जुनी काजळी लायनरमागे राहिली तर ती पेटू शकते. लायनरचा व्यास स्टोव्हच्या धूर बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा कमी नको. साधारण १५० मिमी, धूरनियंत्रण क्षेत्रात (जिथे चिमणीतून धूर सोडण्यावर निर्बंध आहेत) मान्य असलेल्या काही स्टोव्हना १२५ चालतो. लीड्सचा बराच भाग त्या क्षेत्रात येतो, तेव्हा स्टोव्ह घेतानाच बघा. फक्त सुकं लाकूड जाळणार असाल तर ३१६ प्रतीचं स्टील पुरतं, धूररहित कोळसाही घालणार असाल तर ९०४ घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म २०१० पासून सक्तीचाच आहे.

पुणेरी_पंखा
मी किचनची चिमणी समजून आलो होतो. आमच्याकडे ॲल्युमिनियमचा पाइप खिडकीतून बाहेर काढला की काम संपतं. चालू द्या.

कोकणातली_चूल
@अर्धवट_इंजिनियर, एवढी यादी ज्याला पाठ आहे त्याने खुशाल करावं. धागा वाचून उत्साहात छपरावर चढणाऱ्यांचं काय? निसरडी कौलं, दोन मजली उंची, हातात जड गुंडाळी. मचाणाचं भाडं धरलं का हिशेबात?

लीड्सकर
नव्हतं धरलं. मान्य. ते धरल्यावर मुंबईला फार तर दोघं जाऊ.
शिवाय वर डोकावलो तर चिमणीत कावळे! जॅकडॉ म्हणतात इकडे, चिमणीत काटक्या कोंबून घरटं करतात. पिल्लं उडेपर्यंत हात लावता येत नाही, तो मात्र खरंच कायदा आहे. तोवर विचार करतो.
भावालाही विचारलं. तो खाली थांबायला तयार आहे.