संत्र्यावरील आयात शुल्काचा अभ्यास दिल्लीत वाचणार कोण?

प्रश्न : काटोलरोडकर

मी नागपुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि पदव्युत्तर वर्गाला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतो. बांगलादेशाने आयात संत्र्यावर वाढवत नेलेल्या शुल्काचा मी दोन वर्षे अभ्यास करतो आहे. २०१९ मध्ये किलोमागे २० रुपयांच्या आसपास असलेले हे शुल्क २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतीलच. वरूड-मोर्शी असो की काटोल-नरखेड, आपल्या संत्रापट्ट्यात याचे एकच कारण सांगितले जाते : आपण कांद्याची निर्यात बंद केली, म्हणून त्यांनी संत्र्यावर सूड उगवला. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस भारताने कांद्याची निर्यात थांबवली आणि पुढच्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत, आपण आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नकोस असे सांगितल्याचे हसत हसत बोलून दाखवले, त्यामुळे हे स्पष्टीकरण सहज पटते.

कागदपत्रे पाहिल्यावर मला मात्र वेगळे दिसले. डॉलरची चणचण भासू लागल्यावर मे २०२२ मध्ये बांगलादेशाने फळांसह शंभराहून अधिक वस्तूंवर नियामक शुल्क बसवले; त्यात सौंदर्यप्रसाधने होती, फर्निचरही होते. म्हणजे निदान त्या टप्प्यात तरी नेम नागपूरवर धरलेला नव्हता. हा फरक केवळ वर्गात चघळण्यापुरता नाही. सूड असेल तर कांद्याच्या निर्यातीची हमी देऊन बोलणी करता येतील; परकीय चलनाचा प्रश्न असेल तर जुलै २०२३ मध्ये दोन्ही देशांत सुरू झालेल्या रुपयातील व्यवहाराचा संत्र्याला उपयोग होतो का, हे पाहावे लागेल.

माझा बावीस पानांचा निबंध एका नियतकालिकात छापून आला. मी तो मंत्रालयाला पाठवला, पण त्याची पोचसुद्धा आली नाही. मार्च २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत सी-२० ची, म्हणजे नागरी संघटनांच्या गटाची, पहिली बैठक आपल्या शहरात झाली, तेव्हा वर्धा रोडवरच्या भिंती रंगल्या आणि जगाचे राजकारण दाराशी आल्यासारखे वाटले. त्यानंतर ते पुन्हा पाठ्यपुस्तकात जाऊन बसले. धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचणे हे विद्यापीठीय अभ्यासकाचे काम आहे का, आणि असल्यास नागपुरात बसून ते कसे करावे?

उत्तर : जुनी टिपणी

केंद्र सरकारच्या सेवेत असताना माझे निम्मे आयुष्य फायलींवर टिपणी लिहिण्यात गेले, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये. आपला निबंध मी शोधून वाचला. ज्या निष्कर्षासाठी तो वाचायला हवा, तो सतराव्या पानावर आहे. शिष्टमंडळ निघण्याच्या आदल्या दिवशी वरिष्ठांसाठी मुद्दे तयार करणारा अधिकारी तिथवर पोहोचत नाही. त्याला दोन पाने लागतात : काय घडले, का घडले, आपण काय मागू शकतो आणि समोरचा काय उत्तर देईल. शेवटचा मुद्दा प्राध्यापक मंडळी हमखास विसरतात.

दुसरे असे की, 'मंत्रालयाला' पाठवलेला कागद कोणालाच पाठवलेला नसतो. शुल्काचा विषय वाणिज्य मंत्रालयाचा, कृषिमालाच्या निर्यातीचा अपेडा या केंद्रीय प्राधिकरणाचा, आणि परराष्ट्र मंत्रालयात बांगलादेश-म्यानमार असा स्वतंत्र विभाग आहे. त्या त्या टेबलासाठी पहिला परिच्छेद वेगळा लिहावा लागतो.

वेळेचे गणित तर सर्वांत महत्त्वाचे. आपण निबंध पाठवला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे आंबिया बहाराचा माल बाजारात उतरल्यावर, वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाल्यावर. बांगलादेशाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला जातो. तेथील शुल्काबद्दल काही बोलायचे तर ते मार्च-एप्रिलमध्ये बोलले गेले पाहिजे, आणि त्यासाठी आपला कागद फेब्रुवारीत दिल्लीत हवा.

आणखी एक वाट आहे. आपल्या भागातील खासदारांकडून अतारांकित प्रश्न विचारून घ्यावा. लोकसभेत त्यासाठी किमान पंधरा दिवसांची सूचना लागते, पण लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि ते तयार करण्यासाठी कोणाला तरी फाइल उघडावीच लागते. प्रश्न नेमका हवा. 'सरकार काय करीत आहे' असे विचारल्यास 'सरकार प्रयत्नशील आहे' एवढेच उत्तर येते.

आपल्या तक्त्यात एका स्तंभात टाका हे बांगलादेशी चलन आणि दुसऱ्यात रुपये आहेत, आणि तसा उल्लेख कुठेही नाही. तेवढे मात्र आजच दुरुस्त करा.

उत्तर : वरूडचा अडत्या

सर, मी शिकलेला कमी, पण पेट्रापोलच्या सीमेवरून माल पाठवण्यात वीस हंगाम गेले. आमच्या हाती जो शुल्काचा आकडा येतो तो किलोमागे येतो, त्यामुळे उत्तम फळावर आणि हलक्या फळावर बोजा सारखाच पडतो. साठ रुपयांचे फळ तो कसाबसा सोसते. पंचवीसचे फळ जागीच मरते. बागेत हलका माल किती निघतो हे आपल्याला ठाऊक असेलच. तो माल मग देशातल्याच बाजारात येतो आणि ज्याने आयुष्यात कधी ढाक्याला क्रेट पाठवले नाही, त्याचाही भाव पाडतो. आपण बागायतदारांचे नुकसान निर्यातीच्या आकड्यावरून मोजले असेल, तर ते कमीच भरले असेल. माझ्याकडे जुनी बिले बांधून ठेवलेली आहेत. हंगामात मी आठवड्यातून दोनदा कळमना बाजारात असतो.

उत्तर : नागपूरची, सध्या दिल्लीत

मी याच विषयात पीएच. डी. केली आहे आणि 'जुनी टिपणी' यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे. तरीही एक भीती नोंदवते. प्रश्नकर्त्या सरांच्या निबंधातील सर्वांत मोलाचे शब्द 'निदान त्या टप्प्यात तरी' हे आहेत, आणि दोन पानांच्या टिपणात पहिली कात्री त्यांनाच लागेल. ते गेले की उरते 'हा सूड नव्हता' एवढे विधान, जे २०१९ ते २०२१ मधील वाढीबद्दल सरांनी केलेलेच नाही.

धोरणावर प्रभाव पडला नाही म्हणजे अभ्यास वाया गेला, असेही मला वाटत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील ३३ आंतरराष्ट्रीय संबंध अभ्यासकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन इराकवरील युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही, असे जाहीर केले होते. त्यात मर्शायमर आणि वॉल्ट यांच्यासारखी वजनदार नावे होती. मार्च २००३ मध्ये युद्ध झालेच. पण पुढे हिशेब मांडण्याची वेळ आली, तेव्हा आधी कोण काय म्हणाले होते, याची छापील नोंद हाती होती.

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. हवामानबदलाचा दोष एकूण उत्सर्जनावरून वाटणाऱ्या अमेरिकी अहवालाला १९९१ मध्ये अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण या पर्यावरण अभ्यासकांनी उत्तर दिले, ते भातखाचरातला मिथेन आणि मोटारीतला धूर एकाच मापाने मोजता येणार नाहीत, असे. दरडोई हिश्शाचा तो युक्तिवाद भारताच्या वाटाघाटींच्या भाषेत मुरला. ते दोघे विद्यापीठात नव्हते, ही गोष्ट आपण प्राध्यापकांनी जरा मनाला लावून घ्यावी.

राहिला नागपूरचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आपल्याकडे मुळात दिल्लीत वाढला. १९५५ मध्ये सप्रू हाउसमध्ये सुरू झालेली या विषयाची संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. त्यामुळे बांगलादेश म्हटले की इथल्या चर्चासत्रांत तिस्ता नदीचे पाणी येते, सीमा येते, चीन येतो. संत्रे मी एकदाही ऐकलेले नाही. वर अडत्यांनी हलक्या मालाबद्दल जे लिहिले, ते दिल्लीत कोणालाही माहीत नाही, आणि खरे सांगायचे तर सरांच्या बावीस पानांतही नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : काटोलरोडकर

टाका आणि रुपयांची चूक खरी आहे. तक्ता दुरुस्त केला. दोन पानांचे टिपण लिहितो, पण मॅडमनी सांगितलेले ते चार शब्द पहिल्याच वाक्यात ठेवीन, म्हणजे कात्री लावणाऱ्याला वाक्यच नव्याने लिहावे लागेल. फेब्रुवारीपूर्वी ते वाणिज्य मंत्रालय आणि बांगलादेश-म्यानमार विभाग या दोघांकडे वेगवेगळ्या पत्रांसह जाईल. हलक्या मालाचा मुद्दा मला सुचलाच नव्हता आणि बिले पाहिल्याशिवाय तो लिहिणार नाही. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांनाही सोबत आणण्याचा विचार आहे. अडत्यासाहेब, कळमन्याला पहाटे किती वाजता यावे, तेवढे कळवावे.