मदत हवी आहे: ६१७४ नंतर काय?

भाची चौथीत आहे. हातच्याची वजाबाकी म्हटलं की तिचं पोट दुखायला लागतं. परवा तिला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची गंमत दाखवली. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. तेच अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजा करायचं, उत्तरावर पुन्हा तेच. तिने ३५२४ घेतली: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि तिथेच गाडी अडकली! जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतंच. पाटीभर वजाबाक्या झाल्या, पोटदुखी गायब.

२१११ ला मात्र फजिती झाली. उत्तर ९९९ आलं, पुढच्या फेरीत शून्य. ते ०९९९ लिहायचं असतं, हे माझ्याच लक्षात आलं नाही. (मामाची लाज गेली ती गेलीच.)

आता दोन प्रश्न. "६१७४च का?" असं ती रोज विचारते, चौथीच्या पोराला पटेल असं कसं सांगू? आणि अशाच गुणाकाराच्या गमती कुणाला माहीत आहेत का? तीन अंकांचं ४९५ तिने स्वतःच शोधलंय, ते सोडून सांगा.