उबदार पाण्यातील स्कूबासाठी वेटसूट : ३ मिमी घ्यावा की ५ मिमी?

खाडीकाठ :
येत्या फेब्रुवारीत अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, चार दिवसांचा ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला, प्राथमिक कोर्स) आणि पुढे दोन दिवस मोकळ्या डाइव्ह असा बेत ठरला आहे. गेल्या डिसेंबरात मालवणजवळ मी पहिल्यांदा पाण्याखाली गेले, तेव्हा पाणी हाताला चक्क कोमट लागत होते. तरीही वीस-पंचवीस मिनिटांत मला हुडहुडी भरली आणि होडीत परतल्यावर चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. तेथे भाड्याने मिळालेला शॉर्टी, म्हणजे आखूड बाह्यांचा आणि आखूड पायांचा वेटसूट, माझ्या मापाचा नव्हता. जरा हात हलवला की मानेकडून आलेले पाणी पाठीवरून थेट मांडीपर्यंत जात असे. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ५२ किलो आहे. अंदमानात टी-शर्टवरही भागते असे मैत्रीण सांगते, तर दुकानदार ५ मिमीचाच घ्या म्हणतो. स्वतःचा सूट घ्यायचा हे पक्के आहे. जाडी कोणती घ्यावी?

भरतीओहोटी :
तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच तक्रारीत आहे. वेटसूट अंग कोरडे ठेवत नाही. तो ज्या फेसाळ रबराचा असतो त्या निओप्रीनमध्ये वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात आणि ऊब राहते ती त्यांच्यामुळे. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने तापतो आणि तो जागचा हलला नाही तरच त्याचा उपयोग. सूट सैल असेल तर दर हालचालीसरशी तापलेले पाणी बाहेर पडते, गार पाणी आत येते आणि शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून ढगळ ५ मिमीपेक्षा अंगाबरोबर बसणारा ३ मिमी केव्हाही बरा.

टी-शर्टचा सल्ला मात्र सोडून द्या. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून नेते; २८ अंशांच्या हवेत आपण पंखा लावतो आणि तेवढ्याच उष्ण पाण्यात तासाभराने दात वाजू लागतात. त्यातही कोर्स करणाऱ्याला थंडी अधिक वाजते, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. तुम्ही तळाच्या वाळूवर गुडघे टेकून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या असता, शेजारचा विद्यार्थी मास्कमधले पाणी काढण्याचा तिसरा प्रयत्न करत असतो, आणि तेवढा वेळ तुमचे स्नायू काहीच काम करत नसतात.

आता मापाविषयी. सूट घातल्यावर तीन जागा तपासाव्यात : कमरेमागची खळगी, काखा आणि जांघ. कमरेमागे कापडाची घडी मुठीत धरता आली, तर तो सूट तेथे पंपासारखे पाणी खेचणार. जांघेत दोन बोटांची पोकळी राहत असेल, तर पाय पुरेसे वर ओढलेले नाहीत किंवा माप चुकले आहे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहा आणि उकिडव्या बसून पाहा. पाय सरकत नसेल तर आधी पावलावर साधी प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि सूट बोटांच्या पेरांनी वर सरकवावा. नखांनी ओढल्यास निओप्रीनवर अर्धचंद्राकृती चिरा पडतात. माझ्या पहिल्या सूटवर अशा सात चिरा आहेत.

शिसेवाला :
वरील मताशी सहमत आहे. ५ मिमीचा एक तोटा जोडतो. सूट जितका जाड तितका तो तरंगतो, आणि ते तरंगणे मोडण्यासाठी कमरेला जास्त शिसे बांधावे लागते. ओपन वॉटरमध्ये १८ मीटरपर्यंत जाता येते. तेथे दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असल्याने बुडबुडे आकसतात, सूट पातळ होतो, त्याची ऊब आणि उचल दोन्ही घटतात, आणि आता जड झालेले शिसे सांभाळण्यासाठी अंगावरच्या, तरंगणे कमी-जास्त करणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरावी लागते. वर येताना हे सारे उलट होते. शिवाय नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधील हवा संपत येईल तसा तो दोनेक किलो हलका होतो, त्यामुळे वर येताना सुरक्षिततेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटे स्थिर थांबताना नवशिक्याची त्रेधा उडते. तुम्ही ३ मिमीचा पूर्ण सूट घ्या आणि जोडीला टोपी असलेले पातळ निओप्रीनचे बंडी वेगळे ठेवा. थंडी वाजली तर आत घालता येते, नाहीतर पिशवीत राहते. नवा सूट आला की किती शिसे लागते ते इन्स्ट्रक्टरसमोर पुन्हा तपासावे.

नीलकांती :
येथे थोडा मतभेद नोंदवते. माझे वजन ४८ किलो आहे. मालदीवला सहा दिवस रोज तीन डाइव्ह केल्या, तेव्हा पहिले तीन दिवस ३ मिमीत काही वाटले नाही, पण चौथ्या दिवसापासून सकाळची थंडी संध्याकाळपर्यंत अंगातून जात नव्हती. पाण्याचे तापमान तेच होते. शरीराची शिल्लक मात्र रोज थोडी कमी होत गेली. हे सल्ले देणारे बहुतेक जण अंगाने भरलेले असतात, हेही लक्षात घ्यावे! कोर्ससाठी ३ मिमी योग्यच आहे, पण पुढे रोज तीन-तीन डाइव्ह करणार असाल तर सडपातळ व्यक्तीला ५ मिमी मुळीच अति नाही. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पाय मात्र हवेतच. प्रवाळाचे ओरखडे आणि जेलीफिशचे चटके उघड्या पोटऱ्यांनाच आधी भेटतात.

खाडीकाठ :
सर्वांचे आभार. ३ मिमीचा पूर्ण सूट मागवला आणि काल घरी घालून पाहिला. कमरेमागे घडी पडत नाही, पण पाठीची झिप लावायला बहिणीची मदत लागली आणि गळ्याशी आवळल्यासारखे होते. एक माप मोठा घ्यावा का?

भरतीओहोटी :
कोरड्या अंगावर सूट नेहमीच अधिक घट्ट वाटतो, त्यामुळे झिपसाठी मदत लागली एवढ्यावरून माप बदलू नका. छातीभर श्वास अडथळ्याशिवाय घेता येतो का, हे पाहा. गळ्याची गोष्ट वेगळी आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर दाब राहिला तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. दहा मिनिटे सूट घालून घरात वावरा आणि मान दोन्हीकडे वळवा. डोके जड झाले किंवा गिळताना अडखळले, तर त्याच मापात पण रुंद गळ्याचा दुसऱ्या बनावटीचा सूट पाहा. एक माप मोठा घेतलात तर गळा सुटेल आणि कमरेमागची घडी परत येईल. तोवर लेबल कापू नका, म्हणजे सूट बदलून मिळेल.